एप्रिलमध्ये बोलायचं नसतं

काल रविवारी पायरेट्स (आमच्या शहराची बेसबॉल टीम) हरले आणि ते माझ्या टोपीमुळे हरले, असं सध्या पिट्सबर्गमधल्या निम्म्या मराठी मंडळींचं मत आहे. उरलेल्या निम्म्यांना बेसबॉल कळत नाही, म्हणून ते गप्प आहेत.

झालं असं, की ३० एप्रिल २०२३ ला मंडळाचा महाराष्ट्र दिन होता (१ मे सोमवारी आला, अमेरिकेत सोमवारी शिवाजी महाराजांनाही सुट्टी मिळत नाही) आणि नेमकी दुपारीच वॉशिंग्टनला मॅच. शनिवारी दोन मॅचेस जिंकलेल्या, त्यातली दुसरी १६-१ अशी. सीझनचा हिशोब वीस विजय, आठ पराभव. ही तीच टीम जी २०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये १०० मॅचेस हरली होती. आता अशा वेळी माणूस कुर्त्यावर पायरेट्सची काळी-पिवळी टोपी घालून आला आणि जेवणाच्या लायनीत सहज म्हणाला की 'यंदा प्लेऑफला जातो बहुतेक' (म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांना), तर त्याने काय पाप केलं?

माझ्या पुढे एक काका उभे होते. सत्तरच्या दशकात स्टील मिलमध्ये नोकरीला आलेले, मूळचे सांगलीचे, कट्टर नास्तिक. घरात सत्यनारायण होऊ देत नाहीत, पत्रिका न बघता पोरांची लग्नं लावली. ते गर्रकन वळले.

"टोपी काढ."

"काका?"

"आधी टोपी काढ. आणि आत्ता जे बोललास ते परत बोलू नकोस. दृष्ट लागते."

मला वाटलं चेष्टा चाललीये. मी हसलो. ते नाही हसले. म्हणाले, "तू ब्याण्णवला कुठे होतास?" मी म्हटलं शाळेत, मिरजेला. "मग तुला काही अधिकारच नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटलीतला एक बटाटेवडा उचलला आणि टेबलावरच्या एका रिकाम्या ताटलीत ठेवला.

"हा अटलांटाचा डेव्हिड जस्टिस. थर्ड बेसवर." दुसरा वडा उचलला. "हा सिड ब्रीम. सेकंडवर. पूर्वी आपलाच होता. गुडघ्याची ऑपरेशनं झालेला, धावला तर म्हातारी रस्ता ओलांडतेय असं वाटायचं." फर्स्ट बेसवर लिंबाची फोड गेली. लोणच्याची बरणी ओढून पार डाव्या कोपऱ्यात नेली. "आणि हा आपला बॅरी बॉण्ड्स."

मागे लाईन थांबली होती. कुणीतरी "काका, पुढे सरका की" म्हणालं. काकांनी नुसता हात वर केला.

"१४ ऑक्टोबर. अटलांटा. सातवी मॅच, जिंकलो की वर्ल्ड सीरिज, म्हणजे फायनल. शेवटच्या इनिंगला आपण २-० पुढे. मी सोफ्यावर, ही किचनमध्ये. मी हिला ओरडून काय सांगितलं, तर पेढे काढ! बाहेर काढलेन तिने डबा. तिथून सगळं बिघडलं. सेकंड बेसवरच्या आपल्या गोल्ड ग्लोव्हवाल्याच्या, म्हणजे फील्डिंगचं बक्षीसवाल्याच्या हातातून साधा बॉल सुटला. २-१ झालं. दोन आउट, तिसरा झाला की जिंकलो. आणि बॅटिंगला आला कोण, तर फ्रान्सिस्को कॅब्रेरा. वर्षातला बहुतेक काळ खालच्या, म्हणजे मायनर लीगमध्ये काढलेला माणूस!"

कॅब्रेराने बॉल बॉण्ड्सच्या बाजूला मारला. मग काकांनी थर्डवरचा वडा होमला आणला (तिथे पोचलं की एक रन), म्हणजे माझ्याच ताटलीच्या काठावर, आणि सेकंडवरचा वडा इतक्या सावकाश सरकवत आणला की मला खरंच टेन्शन आलं. दुसऱ्या हाताने बरणीच्या झाकणावर टकटक करत होते, "टाक रे, टाक, टाक." बॉण्ड्सचा थ्रो जरासा फर्स्ट बेसच्या अंगाला गेला. कॅचर वळून टॅग करेपर्यंत ब्रीम घसरत आत. ३-२.

काका दोन क्षण वड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सिड ब्रीम खाल्ला.

"त्यानंतर बॉण्ड्स गेला सॅन फ्रान्सिस्कोला," भरल्या तोंडाने, "आणि आम्ही १९९३ ते २०१२, सलग वीस सीझन जिंकल्यापेक्षा हरलो जास्त. वीस! पेढ्यांमुळे."

आता हा माणूस इंजिनियर आहे हो. मी म्हटलं, काका, टीमवर पैसे खर्च केले नाहीत म्हणून हरलात, पेढ्यांचा काय संबंध? यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर सांगलीहून थेट आली होती. मी टोपी काढून खिशात कोंबली. जस्टिस लाइनीतल्या कुणाच्या तरी पोराने पळवला, आणि टेबलावर पाटी होती, 'माणशी दोनच'.

खरं सांगायचं तर माझा राग काकांवर नाहीच. एका अख्ख्या शहराला आनंद झाला की आधी भीती वाटते, याला कुणीतरी जबाबदार आहेच ना. पोरं वाढवायची आणि जरा चमकली की विकायची, हा इथला धंदा. मॅककचन २०१३ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, लोकांच्या गळ्यातला ताईत, तो आणि गेरिट कोल २०१८ च्या जानेवारीत काही दिवसांच्या अंतराने गेले, आणि कोल नंतर केवढा मोठा पिचर झाला ते जगाने बघितलं. २०१५ ला ९८ मॅचेस जिंकून एका रात्रीच्या वाइल्डकार्ड मॅचमध्ये (हरलं की सीझन संपला) बाहेर. स्टेडियम मात्र देशातलं सर्वात देखणं, नदी, पिवळे पूल, समोर डाउनटाउन. मालक म्हणतात मार्केट छोटं आहे. बियरचे भाव बघता मार्केट छोटं वाटत नाही.

पण या एप्रिलमध्ये काहीतरी वेगळं आहे. (हळू वाचा.) मॅककचन परत आलाय. ब्रायन रेनॉल्ड्सशी आठ वर्षांचा, दहा कोटी डॉलरच्या वरचा करार झाला, क्लबच्या इतिहासात इतकी मोठी रक्कम पहिल्यांदा. ओनील क्रूझचा घोटा ९ तारखेलाच मोडला, तरीही जिंकत राहिले. आणि तो ड्रू मॅगी! तेरा वर्षं मायनर लीगमध्ये काढलेला, अकराशेच्या वर मॅचेस खेळलेला, परवा बुधवारी तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या मैदानात बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवत होतं. झाला आउट, पण ते सोडा. शनिवारी त्याचा पहिला हिट आला. असं काही बघितल्यावर माणूस बोलणार नाही तर काय करणार?

असो. रविवारी हरलो. लावणी चालू होती तेव्हाच फोनवर स्कोर आला, आणि काकांनी स्टेजकडे न बघता तीन रांगा ओलांडून माझ्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा टोपीवाला फोटो, खाली कुणीतरी 'आरोपी' लिहिलेलं, त्याला अठ्ठेचाळीस हसरे चेहरे. वर्गणी मात्र वेळेवर मीच भरतो. आता उद्या मंगळवारपासून फ्लोरिडातल्या टॅम्पा बेशी आहे, जे सीझनच्या पहिल्या तेरा मॅचेस एकही न हरता खेळले, आणि तिथे काही झालं तर तेही माझ्याच खात्यावर जाणार, मी फ्लोरिडात पाऊल टाकलेलं नसताना. १६२ पैकी आत्ता कुठे २९ झाल्यात. ऑक्टोबरपर्यंत मी तोंडाला कुलूप लावून बसायचं म्हणे.

निघताना पार्किंगमध्ये काकू भेटल्या. काका डिकीत खुर्च्या भरत होते. मी आपलं सहज विचारलं, यंदा इंडियाला कधी? कारण ही दोघं दसऱ्याला सांगलीत असणार म्हणजे असणारच.

"यंदा नोव्हेंबरची तिकिटं काढलीत ह्यांनी," काकू म्हणाल्या. "दिवाळीच करू म्हणाले. ऑक्टोबरमध्ये सांगलीला फार उकडतं म्हणे."

"कधी काढली?"

"काल शनिवारी. रात्री ती मॅच संपल्यावर."

डिकी जरा जास्तच जोरात बंद झाली.