डोमेन बदलणे हे ‘पाच मिनिटांचे काम’ नाही: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, बदलायचे ठरले की एक तयार सल्ला हमखास हाती येतो, आणि तो इतक्यांनी इतक्यांना पाठवला आहे की आता तो नियमासारखा वाचला जातो. त्याचे सार असे: नवे डोमेन घ्या; जुन्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) नव्या नावाकडे जाणारी सीनेम नोंद (‘हे त्या नावाचे टोपणनाव’ असे सांगणारी) टाका, म्हणजे रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणे) झाला; ४८ तास काहीही न करता थांबा; जुनी सगळी पाने ३०१ने, म्हणजे ‘पान कायमचे हलले’ या सर्व्हरच्या उत्तराने, नव्या मुख्यपृष्ठावर आणा; सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र फक्त नव्या डोमेनसाठी घ्या; मुदत संपली की जुने डोमेन सोडून द्या; आणि यातले काही जमत नसेल तर एखाद्या जाणकाराला रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन जिच्याकडे नोंदवले त्या कंपनीच्या, खात्याचा पासवर्ड देऊन टाका, पाच मिनिटांत होईल. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीवर उभा आहे, म्हणूनच तो एका वाक्यात झटकून टाकता येत नाही. मुळाशी मात्र एकच गैरसमज आहे: रिडायरेक्ट ही एकदा करून विसरून जायची नोंद आहे, असा. प्रत्यक्षात जुन्या नावाने आलेल्या प्रत्येक मागणीला कुठल्या तरी सर्व्हरने त्या क्षणी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर देणारी यंत्रणा जोवर चालू आहे तोवरच रिडायरेक्ट चालू असतो.

‘सीनेम टाकले की रिडायरेक्ट होतो’ हा पहिला दावा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत जास्त चुकीचा आहे. डीएनएसचे काम नावावरून पत्ता सांगण्यापुरते असते. वाचकाने जुनेनाव.कॉम असे लिहिले की ब्राउझर डीएनएसला त्या नावाचा आयपी पत्ता विचारतो, सीनेममुळे त्याला नव्या सर्व्हरचा पत्ता मिळतो, आणि मग तो त्या सर्व्हरकडे जी मागणी पाठवतो तिच्या ‘होस्ट’ या हेडरमध्ये (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) जुनेनाव.कॉम हेच नाव असते. सीनेमची पायरी ब्राउझरच्या दृष्टीने घडलेलीच नसते. सर्व्हरला ते नाव ओळखीचे नसेल तर तो ४०४ (पान सापडले नाही) देतो, आपले ठरलेले कोरे पान दाखवतो, किंवा सामायिक होस्टिंग असेल तर भलत्याच कुणाचे संकेतस्थळ समोर ठेवतो. नाव ओळखीचे असेल तर तीच पाने दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसू लागतात आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये जुने नाव जसेच्या तसे राहते. डोमेननंतरच्या तिरक्या रेघेपुढे काय लिहिले आहे, म्हणजे वाचकाला नेमके कोणते पान हवे आहे, हे तर डीएनएसपर्यंत पोहोचतच नाही. हे तपासणे अगदी सोपे आहे. टर्मिनलवर ‘कर्ल’ या आज्ञेला मोठ्या ‘आय’चा पर्याय देऊन जुन्या पत्त्याची फक्त हेडरे मागवावीत: खरा रिडायरेक्ट असेल तर पहिल्याच ओळीत ३०१ हा आकडा येतो आणि खाली ‘लोकेशन’पुढे नवा पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, नुसते सीनेम असेल तर तिथे २०० (पान मिळाले) किंवा ४०४ दिसते आणि ‘लोकेशन’चा पत्ता नसतो.

या दाव्याला आणखी एक अडचण आहे. ज्या नावावर सीनेम आहे त्या नावावर दुसरी कोणतीही नोंद असू नये, हा नियम १९८७च्या आरएफसी १०३४ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजापासूनचा आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या मूळ डोमेनवर एसओए आणि एनएस या (डोमेनच्या डीएनएसचा कारभार कोणते सर्व्हर पाहतात हे सांगणाऱ्या) नोंदी असाव्याच लागतात, त्यामुळे तिथे सीनेम बसतच नाही. काही नियंत्रण-पटल ते निमूटपणे स्वीकारतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते: ईमेल कुठे पोहोचवायचे हे सांगणारी एमएक्स नोंद शोधणारा रिझॉल्व्हरही (इतरांच्या वतीने डीएनएसची चौकशी करणारा सर्व्हर) सीनेमच्या मागे नव्या डोमेनकडे जातो, तिथल्या मेल सर्व्हरला जुने पत्ते माहीत नसतात, आणि कार्यालयाचे ईमेल परत जाऊ लागतात. संकेतस्थळावर केलेल्या बदलाने ईमेल बंद पडू शकेल ही शंकाच कुणाला येत नाही, म्हणून असा दोष सापडायला वेळ लागतो. ‘एलियास’ किंवा ‘सीनेम फ्लॅटनिंग’ या नावांनी मिळणारी सोय मूळ डोमेनवरची ही अडचण दूर करते, पण तीही फक्त आयपी पत्ताच देते. रजिस्ट्रारच्या पटलावर ‘फॉरवर्डिंग’ असे बटण असते ते खरोखर रिडायरेक्ट करते, कारण त्यामागे रजिस्ट्रारने स्वतःचा एक छोटा वेब सर्व्हर ठेवलेला असतो. तो एचटीटीपीएसवर (कूटबद्ध, सुरक्षित जोडणीवर) उत्तर देतो का आणि मागितलेल्या पानाचा मार्ग पुढे नेतो का, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे. ‘मास्किंग’ या पर्यायाच्या वाटेला तर जाऊच नये. त्यात नवे संकेतस्थळ जुन्या पत्त्यावरच्या चौकटीत उघडले जाते, आणि चौकटीत उघडण्यास मनाई करणारे हेडर नव्या संकेतस्थळावर असेल तर वाचकाला काहीच दिसत नाही.

‘४८ तास थांबा’ याबद्दल थोडक्यात. बदललेली नोंद जगभर कुणी वाटत फिरत नाही. जुनी नोंद ज्या रिझॉल्व्हरांनी साठवून ठेवली आहे त्यांच्याकडे तिची टीटीएल (साठवून ठेवण्याची मुदत) संपली की ते नवी मागतात. ही टीटीएल आपणच ठरवलेली असते. ती ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर बदलाच्या एक दिवस आधी ती ३०० वर आणावी. मग बहुतेक ठिकाणी बदल पाच मिनिटांत दिसतो. ४८ तासांच्या आकड्यालाही आधार आहे: कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर प्रत्येक डोमेनच्या नेमसर्व्हरांची (त्या डोमेनच्या नोंदी अधिकृतपणे सांगणाऱ्या सर्व्हरांची) जी नोंद असते तिची टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास असते. तेव्हा हा आकडा नेमसर्व्हरच बदलले तर लागू होतो, साध्या नोंदीला नाही. आंधळेपणाने थांबण्याचा तोटा असा की नोंदच चुकीची लिहिली असेल तर तेही ४८ तासांनंतरच कळते. ‘डिग’ या आज्ञेने थेट अधिकृत नेमसर्व्हरला विचारले तर चूक त्याच मिनिटाला दिसते.

‘३०१ लावा’ हे बरोबर आहे. ‘सगळे मुख्यपृष्ठावर आणा’ हे नाही. एखाद्या जुन्या लेखाच्या दुव्यावरून आलेल्या वाचकाला मुख्यपृष्ठावर सोडणे म्हणजे त्याला हवे ते पान नाहीसे झाल्याचे न सांगता कळवणे होय, आणि गूगलही अशा सरसकट वळवलेल्या पानांना बहुधा ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे न सापडलेले पान, मानते. मार्ग तोच ठेवून फक्त डोमेन बदलणारा एक नियम सर्व्हरच्या रचनेत लिहायला मुख्यपृष्ठावर आणणाऱ्या नियमापेक्षा जास्त कष्ट पडत नाहीत. ज्या पानांचे मार्गच बदलले असतील त्यांची तेवढी जुन्या-नव्याची यादी करावी.

याच मुद्द्यात सल्ल्याने न सांगितलेली जोखीम आहे. ३०१ हे उत्तर ब्राउझर साठवून ठेवू शकतो. ते चुकीच्या पत्त्यावर नेणारे असेल तर सर्व्हरवर दुरुस्ती केल्यानंतरही काही वाचकांचा ब्राउझर सर्व्हरला न विचारताच चुकीच्या पत्त्यावर जात राहतो, आणि त्यांच्या यंत्रावरचा साठा आपल्याला पुसता येत नाही. म्हणून आधी ३०२ (तात्पुरता रिडायरेक्ट) लावून सगळे मार्ग तपासावेत आणि खात्री झाल्यावर ३०१ करावे. थोडे दिवस ३०२ ठेवल्याने शोधातील स्थान बुडते ही भीती अनाठायी आहे. तीनशेच्या मालिकेतील रिडायरेक्टमुळे पेजरँक (दुव्यांवरून ठरणारे पानाचे वजन) कमी होत नाही, असे गूगलकडून २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले गेले आहे. कायमच्या स्थलांतराची खूण म्हणून शेवटी ३०१च हवा, एवढेच. जिथे अर्जाची माहिती किंवा एपीआयची (एका प्रणालीने दुसरीकडे केलेली) मागणी ‘पोस्ट’ (सोबत माहिती पाठवण्याच्या) पद्धतीने येते तिथे मात्र ३०१ पुरत नाही, कारण ३०१ नंतर ब्राउझर ‘पोस्ट’चे ‘गेट’ (नुसते पान मागणे) करतात आणि सोबतची माहिती गळून पडते. अशा ठिकाणी पद्धत कायम राखणारा ३०८ वापरावा. त्याचे प्रमाणीकरण २०१५च्या आरएफसी ७५३८ मध्ये झाले आहे.

रिडायरेक्ट कोण करत आहे हे ठाऊक नसले की फेरा तयार होतो. नेहमीचा प्रकार असा असतो: पुढे सीडीएन (वाचक आणि मूळ सर्व्हर यांच्यामधले सर्व्हरांचे जाळे) आहे, ती वाचकाशी एचटीटीपीएसने बोलते पण मागच्या मूळ सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने, मूळ सर्व्हरवर ‘एचटीटीपी दिसले की एचटीटीपीएसवर पाठवा’ असा नियम आहे, सीडीएन ते उत्तर वाचकाला देते, वाचकाचा ब्राउझर आधीच एचटीटीपीएसवर असल्याने तोच पत्ता पुन्हा मागतो, आणि क्रोम २० फेऱ्यांनंतर हात टेकतो. यात एकही नियम स्वतंत्रपणे चुकीचा नाही. सीडीएन आणि मूळ सर्व्हर यांच्यातला दुवाही एचटीटीपीएसचा केला की फेरा सुटतो.

‘प्रमाणपत्र फक्त नव्या डोमेनसाठी घ्या’ हा सल्ला क्रम विसरतो. ब्राउझर जुन्या पत्त्यावर एचटीटीपीएसने गेला की आधी टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, ओळखपरेड होते आणि ती पार पडल्यावरच एचटीटीपीचे उत्तर, म्हणजे आपला ३०१, वाचला जातो. जुन्या नावाचे वैध प्रमाणपत्र नसेल तर वाचक धोक्याच्या पडद्यावरच अडकतो. रिडायरेक्टपर्यंत तो पोहोचतच नाही. जुन्या संकेतस्थळाने पूर्वी एचएसटीएस (‘नेहमी एचटीटीपीएसनेच या’ ही ब्राउझरला सूचना) लावले असेल तर ‘तरीही पुढे जा’ ही वाटही त्याला मिळत नाही. जुने दुवे बहुतेक एचटीटीपीएसचेच असतात, आणि नुसते नाव टंकले तरी क्रोम २०२१ मधील ९०व्या आवृत्तीपासून आधी एचटीटीपीएसच करून पाहतो. तारांकित प्रमाणपत्र (उपडोमेनांसाठी मिळून एकच) घेतले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण ते उपडोमेनांच्या एकाच पातळीला लागू होते आणि मूळ डोमेनचे नाव त्यात वेगळे घालावे लागते. शिवाय हे काम पुन्हा पुन्हा करावे लागणार आहे: मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात, आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर-निर्माते यांच्या सीए-ब्राउझर फोरमने २०२५ मध्ये संमत केलेल्या ठरावानुसार मार्च २०२९ पासून कोणतेही सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त काळाचे असणार नाही. जुन्या डोमेनचे नूतनीकरणही आपोआप होईल अशी व्यवस्था स्थलांतराच्या दिवशीच करावी लागते.

‘मुदत संपली की जुने सोडा’ हा दावा सल्ल्यातला सर्वांत धोकादायक भाग आहे, कारण त्याचे परिणाम भोगायला लागतात तेव्हा सल्ला देणारा आसपास नसतो. कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रारकडे ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असतो, त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ आणि ५ दिवस हटवण्याच्या प्रतीक्षेत. मग ते नाव कुणालाही घेता येते. अनेक रजिस्ट्रार तर त्याआधीच लिलाव करतात. नव्या मालकाला त्या नावासोबत इतरांनी दिलेले सगळे दुवे मिळतातच, पण त्याहून मोलाचे म्हणजे त्या नावावर येणारे ईमेल मिळतात. ज्या ज्या सेवेत जुन्या डोमेनच्या ईमेलने खाते उघडलेले आहे तिथे ‘पासवर्ड विसरलो’ असे म्हटले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा थेट त्याच्या हाती पडतो.

हे कल्पनेतले भय नाही. ‘.मोबी’ने संपणाऱ्या डोमेन-वर्गाच्या हूइज (डोमेन कुणाच्या नावावर आहे हे सांगणाऱ्या) सेवेचा सर्व्हर पूर्वी डॉटमोबीरजिस्ट्री.नेट या डोमेनवर होता. सेवा दुसऱ्या नावावर गेली, आणि जुन्या डोमेनची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपू दिली गेली. वॉचटावर या संस्थेच्या सुरक्षा-संशोधकांनी २०२४ मध्ये ते २० डॉलरना घेतले, तिथे आपला हूइज सर्व्हर उभा केला, आणि काही दिवसांतच १,३५,००० हून अधिक वेगवेगळ्या यंत्रणा तिथे माहिती विचारायला आल्या. त्यांत डोमेनच्या मालकाचा ईमेल हूइजवरून शोधून त्यावर पडताळणी करणाऱ्या, प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थाही होत्या. ज्यांनी नाव बदलले त्यांच्या दृष्टीने स्थलांतर पूर्ण झाले होते. ज्यांच्या यंत्रणांत जुने नाव लिहिलेले होते त्यांना ते कुणी सांगितलेच नव्हते. शोधयंत्रासाठी रिडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवावेत, असे गूगल सांगते. पण ती शोधयंत्रापुरती खालची मर्यादा आहे, दुसऱ्यांच्या यंत्रणांना आणि छापील कागदांना ती लागू नाही. ज्या डोमेनवर कधीकाळी ईमेल चालले आहे ते माझ्या मते सोडूच नये. त्याच्या वार्षिक शुल्काची बचत त्या जोखमीपुढे क्षुल्लक आहे.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. ‘रजिस्ट्रारचा पासवर्ड द्या’ असे सांगणारा माणूस हेतूने वाईट असेलच असे नाही, पण त्या खात्यातून नेमसर्व्हर बदलता येतात, स्थलांतराचे कुलूप काढता येते आणि डोमेन दुसरीकडे नेण्याचा अधिकार-संकेतही मिळवता येतो. रिडायरेक्टसाठी यातले काहीच लागत नाही; डीएनएस नोंदी बदलण्याची मुभा आणि वेब सर्व्हरच्या रचनेपर्यंतचा प्रवेश पुरतो. बहुतेक मोठ्या डीएनएस सेवांमध्ये मर्यादित अधिकारांचा वेगळा सदस्य जोडता येतो किंवा एकाच डोमेनपुरते टोकन (पासवर्डऐवजी चालणारा मर्यादित संकेत) देता येते, आणि मग कोणती नोंद कुणी बदलली हेही पाहता येते. सर्व्हरसाठी फाइली पाठवण्याच्या एफटीपीऐवजी कूटबद्ध एसएफटीपी आणि प्रत्येकाची स्वतंत्र एसएसएच चावी (पासवर्डऐवजी सर्व्हरवर प्रवेश देणारी) द्यावी, कारण साधे एफटीपी पासवर्ड उघड्यावर पाठवते. आणखी एक गोष्ट स्थलांतरापूर्वीच पाहावी: रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर ते डोमेन बंद पडल्यावर नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड परत मिळवण्याचा दुवा, दोन्ही बंद पेटीत पडतील.

काम संपल्यावर ‘पासवर्ड बदला, झाले’ असे त्याच सल्ल्याच्या शेवटी जोडलेले आढळते. पासवर्ड बदलल्याने सर्व्हरवर नोंदवलेली एसएसएच चावी रद्द होत नाही, आधी काढलेली एपीआय टोकने सहसा चालूच राहतात आणि संकेतस्थळाच्या व्यवस्थापनात तयार केलेले दुसरे प्रशासक-खाते तर अजिबात जात नाही. यांतले प्रत्येक वेगळे शोधून काढावे लागते. मात्र टोकन रद्द करण्याआधी जुन्या डोमेनचे प्रमाणपत्र त्याच टोकनच्या आधारे तर आपोआप नूतन होत नाही ना, हे बघावे. तसे असेल तर आधी आपल्या नावाचे टोकन काढून ते नूतनीकरणाच्या रचनेत घालावे, एकदा चाचणीचे नूतनीकरण करून पाहावे, आणि मगच जुने रद्द करावे.