रिव्ह्यूखाली गिऱ्हाइकाचा नंबर छापणाऱ्या मालकांनो

बॅगेची चेन पहिल्याच वापरात निघाली. एवढंच लिहिलं होतं मी गूगलवर. तीन स्टार दिले, कापड चांगलं आहे, शिलाई चांगली आहे हेही लिहिलं आणि शेवटी विचारलं की चेन बदलून मिळेल का. त्याखाली मालकांचं उत्तर आलं: "आधी वस्तू वापरायला शिका. आम्ही या लाइनमध्ये वीस वर्षं आहोत, तुमच्यासारखे रोज बघतो. फुकटात नवीन बॅग उकळायचे धंदे बंद करा." आणि खाली पुरावा म्हणून काय? माझा ऑर्डर नंबर, पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि बिल्डिंगचं नाव!

अहो, तो नंबर कुरियरवाल्याला फोन करता यावा म्हणून दिला होता. चव्हाट्यावर टांगायला नव्हता दिला. माझ्या जागी एकटी राहणारी एखादी मुलगी असती तर? घराचा पत्ता आणि फोन नंबर एकाच ठिकाणी, कोणीही यावं आणि वाचावं! हा विचार बोटं चालवताना एक क्षणही मनात येत नाही? खाजगी माहिती टाकायची नाही हा गूगलचा नियम मालकांच्या उत्तरांनाही लागू आहे. मी ते उत्तर रिपोर्ट केलंय. अजून तिथंच आहे.

बरं, तो रिव्ह्यू काही उठून लिहिलेला नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चेनचा फोटो पाठवला होता. निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. पुन्हा विचारलं तर नुसता अंगठा. त्या अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं? बॅग परत पाठवू? वाट बघू? की गप्प बसू? आणि त्याच दिवशी स्टेटसला नवीन माल झळकतोय, म्हणजे फोन हातातच आहे! ऑर्डर देताना ताई, ताई करत दर पाच मिनिटांनी मेसेज येत होते. पैसे जमा झाले आणि ताईची 'तुमच्यासारखे' झाली.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस 2018 पासून आहे. फुकट आहे. दुकान बंद असताना आपोआप जाणारा मेसेज त्यात लावता येतो. नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, एक तिरकी रेघ टाइप केली की समोर येतात. 'तक्रार मिळाली, उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो' हे एकदाच लिहून ठेवायचं. पण नाही. तिथं कंटाळा, आणि रिव्ह्यूखाली भांडायला मात्र दहा ओळींचा उत्साह.

खोटे रिव्ह्यू येतात, मान्य आहे. कधी काही विकत न घेतलेला माणूस एक स्टार टेकवून जातो, त्रास होतोच. मग रिपोर्ट करा ना. केवळ मालकाला झोंबलं म्हणून गूगल रिव्ह्यू काढत नाही, पण नियम मोडला असेल तर काढतं. तेवढं करायचं सोडून प्रत्येक नाराज गिऱ्हाईक 'समोरच्या दुकानानं पाठवलेलं' कसं काय ठरतं? एवढी माणसं पाठवायला समोरच्या दुकानाला दुसरं काम नाही का?

आणि कळत कसं नाही की ते उत्तर मी एकटी वाचत नाही! नवीन माणूस आधी वाईट रिव्ह्यू उघडतो, मग मालक काय म्हणाला ते बघतो. मी तरी तसंच करते. चेन कुणाचीही निघेल. पण निघाल्यावर हा माणूस आपल्याशी कसा वागेल, ते तिथं कळतं. 'त्रास झाला, माफ करा, पाठवून द्या, बघतो' एवढं लिहिलं असतं तर मी स्वतः जाऊन पाच स्टार केले असते.

किंमत विचारली की 'इनबॉक्स चेक करा' म्हणणारे तर वेगळेच. किंमत काय गुपित आहे? तुम्ही पोस्टच विकायला टाकलीय ना? इनबॉक्समध्ये गेलं तर तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, आकडा अडीचाव्या मिनिटाला. आणि गिऱ्हाइकाच्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून 'असेही नग भेटतात' म्हणत स्टेटसला लावणारे? तुमचे बाकीचे गिऱ्हाईक ते बघत नाहीत? आपलाही नंबर कधीतरी लागेल, हे त्यांना कळत नाही?

काल शेवटी दुकानात फोन केला. मालक म्हणतात, "ते मी नाही लिहिलं, सोशल मीडिया बघणारी मुलगी नवीन आहे." वीस वर्षं धंद्यात असल्याचं त्या नवीन मुलीनं लिहिलं होय? आणि खरंच तिनं लिहिलं असेल, तर गिऱ्हाइकांचे नंबर तिच्या हातात देताना चार गोष्टी शिकवायचं काम कुणाचं होतं? पगार तिचा, दुकान तुमचं, नाव तुमचं. तिच्या नावावर पावती फाडू नका. आत्ता उठा आणि आधी तो नंबर काढा.