दादाचा पाट

दादा बाहेरगावी निघाला की काखेत कुबड्या, खांद्याला पिशवी आणि पिशवीला बांधलेला एक लाकडी पाट. 7 इंच उंच, एका कडेला भोक पाडून त्यात जाड सुती दोरी ओवलेली. बस लागली की मी तो दारापाशी मांडते. दादा आधी कुबड्या आत सरकवतो, दोन्ही हातांनी दांडा धरतो, बरा पाय पाटावर ठेवतो आणि मग खांद्यांच्या जोरावर सगळं अंग पहिल्या पायरीवर ओढून घेतो. पायाला आधार देणारा लोखंडी कॅलिपर पायरीवर आपटल्याचा आवाज होतो. आत आणखी दोन पायऱ्या. वर पोचला की दोरी ओढून पाट वर घेतो आणि सीटखाली सरकवतो.

मी टेप लावून मोजलंय. आमच्या स्टँडवर उभ्या राहणाऱ्या बसची पहिली पायरी जमिनीपासून 17 इंचांवर आहे. आपल्या घराची पायरी 6-7 इंचांची असते. म्हणजे अडीच-पावणेतीन पायऱ्या एका दमात, तेही पोलिओ झालेल्या पायाने, वयाच्या 54 व्या वर्षी.

पूर्वी त्याला पाट लागत नव्हता. आयुष्यभर पायांचं काम खांद्यांनी केलं, आता खांदेच झिजलेत. त्यासाठीच दर काही आठवड्यांनी 60 किलोमीटरवर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. ओपीडी गुरुवारची.

सवलत आहे, आणि ती चांगली आहे हे मी मनापासून सांगते. सरकारी बसला दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सूट मिळते. अपंगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. (मी बाई असल्यामुळे मला मार्च 2023 पासून तसंही अर्धंच पडतं.) 100 रुपयांच्या आसपासचं तिकीट दादाला 25-30 रुपयांत मिळतं. पण ते फाडण्यासाठी आधी बसमध्ये चढावं लागतं! ज्या दिवशी खांदा वर होत नाही, त्या दिवशी आम्ही गाडी सांगतो. जाऊन-येऊन 1,800 रुपये. दादाला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. ते महिन्याला 1,500 होते, 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2,500 करायचं ठरलं. एका फेरीत त्यातलं किती उरतं, तुम्हीच बघा. वडापच्या जीपने, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी गाडीने, जावं तर मागच्या बाकड्यावर वाकून घुसायचं, पाय दुमडत नाही म्हणून दोन सीटचे पैसे द्यायचे, आणि तिथे कसलीही सवलत नाही.

सगळी सूट तिकिटावर आहे, पायरीवर काहीच नाही. मला हेच खटकतं. जो आधीच चढू शकतो त्याचे पैसे वाचतात. ज्याला चढताच येत नाही, तो सगळ्यात महाग प्रवास करतो किंवा घरी बसतो.

कायदा काय म्हणतो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं 41 वं कलम सरळ वाहतुकीवरच आहे. बसथांबे, स्टेशनं, गाड्या अपंगांना वापरता येतील अशा हव्यात. शक्य आणि परवडेल तिथे जुन्या गाड्यांतही बदल करावेत. आणि ये-जा परवडेल अशा खर्चात व्हावी म्हणून सरकारने योजना कराव्यात. हे सगळं लिहिलेलं आहे. पुढे नियम आले ते शिफारशींच्या भाषेत. राजीव रतुरी स्वतः अंध आहेत, रस्ते आणि वाहतूक अपंगांना वापरता यावी म्हणून त्यांनी केलेली याचिका 2005 ची. तिच्यावर 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे ऐच्छिक ठेवून चालणार नाही, किमान सक्तीचे निकष ठरवा, 3 महिन्यांत. 2005 ते 2024. तेवढ्या काळात दादाचे खांदे गेले.

बस खाली आणता येत नाही असं मात्र कुणी सांगू नये. शहरी बसच्या सरकारी मानकांतच 400 मिलिमीटर उंचीची लो-फ्लोअर बस आहे, म्हणजे फक्त 16 इंचांवर बसची अख्खी फरशी. आत पायऱ्याच नाहीत. दाराला दुमडती फळी असते, ती उघडली की व्हीलचेअर सरळ आत. पुण्यात अशा बस मी पाहिल्यात. चेन्नईत अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी कोर्टात भांडून त्या परत रस्त्यावर आणल्या, 2024 मध्ये. मुंबईत लोकलला वेगळा डबा आहे आणि तो फलाटावर जिथे येतो तिथे अंधांसाठी बीप वाजत राहतो. तिथल्या गर्दीत तो डबा गाठायलाही जीव काढावा लागतो, पण निदान कुणीतरी विचार केलाय. तालुक्याच्या स्टँडवर आणि फाट्यावर हा विचार कधी येणार? खड्ड्यांच्या रस्त्यावर एवढी खाली बस टेकेल, हे मलाही कळतं. मग फाटा सोडा, निदान स्टँडवर फलाट तरी बसच्या पायरीजवळ येईल इतका उंच करा. प्रत्येक स्टँडवर एक लोखंडी सरकती पायरी ठेवा. गावातला वेल्डर दोन दिवसांत करून देईल. ग्रामपंचायतींना 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. दहा गावांनी मिळून ओपीडीच्या दिवशी एक रॅम्पवाली गाडी का लावू नये? कुठे हे होत असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा, मला आमच्या सरपंचांना दाखवायचंय.

आणखी एक, हे तुम्हा-आम्हा सगळ्यांसाठी. लोक मदत करतात, मनाने करतात. पण पद्धत अशी की न विचारता मागून काखेत हात घालून माणूस पोत्यासारखा उचलायचा. दादा दर वेळी म्हणतो, "उचलू नका हो, जरा थांबा फक्त." त्याला चढायला मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढं थांबणारे कंडक्टर मी पाहिलेत, दार अडवून उभे राहून मागच्यांना "दम धरा" सांगणारे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या महिन्यात चढताना पाटाची दोरी तुटली. दोष कुणाचाच नाही, सूत कुजलं होतं. बस निघाली, पाट खालीच राहिला. येताना जिल्ह्याच्या स्टँडवर दोघांनी दादाला उचलून आत ठेवलं. त्याने त्यांना हात जोडले आणि नंतर 60 किलोमीटर खिडकीबाहेर बघत बसला. माझ्याशीही बोलला नाही.

पाट आमच्या स्टँडवरच्या चहावाल्याने टपरीत उचलून ठेवला होता. दादाने परवा नायलॉनची दोरी आणली, भोकाच्या कडा कानशीने घासल्या आणि दोन गाठी मारल्या. गुरुवारी जायचंय.