फोटोशॉप नव्हतं म्हणून फोटो खरा? नाही हो काकाजी

गेल्या आठवड्यापासून एकच मेसेज सगळीकडे फिरून राहिला आहे, आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि काल तर आमच्या काकाजींनीच फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली तीन नमस्कारांसकट. म्हणणं थोडक्यात असं की फोटोशॉप १९९० ला आलं, त्याच्या आधी फोटोत खाडाखोड करायची सोयच नव्हती, म्हणून जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे शंभर टक्के पुरावा. सोबत पाच फोटो: झाशीच्या राणीचा 'ओरिजिनल' फोटो, १८५७ चं लखनौ, बर्लिनवरचा रशियन झेंडा, लेनिनचं भाषण आणि आपल्या दीक्षाभूमीवरचा १९५६ चा सोहळा. आणि शेवटी टोमणा, "घरच्या भिंतीवरचा आजी-आजोबांचा फोटो पण खोटाच म्हणाल का?"

राग नका मानू काकाजी, पण माझे बाबा नागपूरच्या बर्डीवरच्या एका स्टुडिओत बावीस वर्षं टचिंग, म्हणजे फोटोतली हाताने खाडाखोड, करत होते हे तुम्हाला तरी माहीत आहे नं?

सुरुवात त्या १९९० पासूनच करू. साल बरोबर आहे, फोटोशॉप तेव्हाच बाजारात आलं. पण खाडाखोडीला कॉम्प्युटर लागतो हे कोणी सांगितलं? फोटोग्राफीची जाहीर घोषणा १८३९ ला पॅरिसमध्ये झाली, आणि पुढच्याच वर्षी इपोलित बायार नावाच्या माणसाने स्वतःचा बुडून मेल्याचा फोटो काढला. माणूस ठणठणीत जिवंत. फोटोग्राफीच्या शोधाचं सगळं श्रेय दागेर या दुसऱ्या शोधकाला गेलं म्हणून रुसला होता, तर डोळे मिटून प्रेत होऊन बसला आणि मागे मजकूर लिहिला की या बिचाऱ्याने जीव दिला. म्हणजे फोटो जेमतेम वर्षाचा झाला तर पहिली थाप तयार! १८५७ ला, इकडे उठाव चालू होता तेव्हा, तिकडे इंग्लंडमध्ये रेजलँडर नावाच्या फोटोग्राफरने तीसच्या वर निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र छापलं, आणि ते राणी व्हिक्टोरियाने विकतही घेतलं. लपवलं पण नव्हतं त्याने काही, कारागिरी म्हणूनच मिरवलं.

आता झाशीच्या राणीचा फोटो. हा दर वर्षी नोव्हेंबरात आणि जूनमध्ये येतोच. खाली लिहिलेलं असतं की इंग्रज फोटोग्राफर हॉफमनने १८५० मध्ये काढला. जॉन्स्टन अँड हॉफमन ही कलकत्त्याची नावाजलेली कंपनी होती हे खरं, पण ती सुरू झाली १८८० नंतर, आणि राणी १८५८ लाच ग्वाल्हेरला पडल्या. म्हणजे दुकान उघडायच्या तीसेक वर्षं आधीच गिऱ्हाईक फोटो काढून गेलं म्हणायचं. १८५० ला तर गंगाधरराव जिवंत होते, ते गेले १८५३ च्या नोव्हेंबरात, तोवर झाशीचं प्रकरण पेटलंच नव्हतं, मग कोण इंग्रज कशाला तिचा फोटो काढायला धावेल. नंतर १८५४ मध्ये जॉन लँग हा वकील त्यांच्याच बोलावण्यावरून झाशीला गेला तेव्हासुद्धा दोघांच्या मधे पडदा होता, मुलाने तो बाजूला सारला म्हणून त्याला ओझरतं दर्शन झालं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. तो फोटो कोणा बाईचा खरा असेलही, मी फोटोला खोटा म्हणतच नाही आहे. खोटी आहे ती खालची ओळ.

लखनौच्या फोटोचं उलटं आहे. फोटो अस्सल, काढणाराही ठाऊक, फेलिस बियातो. सिकंदर बागेची फुटलेली इमारत, काही माणसं, एक घोडा, आणि पुढे अंगणभर हाडं पसरलेली. मेसेजमध्ये लिहिलंय "लढाई संपल्याच्या क्षणाचा फोटो". लढाई झाली १८५७ च्या नोव्हेंबरात, तिथे दोन हजारांच्या आसपास शिपाई मारले गेले, आणि बियातो लखनौला पोचला १८५८ च्या मार्च-एप्रिलला. चार-पाच महिन्यांनी. प्रेतं तोवर झाकून टाकली होती, पण फोटोसाठी याने ती परत उघडायला लावली, हे जॉर्ज कॅम्पबेल या त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यानेच आठवणींत लिहिलंय. मला हा फोटो बघवत नाही खरं सांगू तर, आपल्या माणसांची हाडं कोणाच्या तरी फ्रेमसाठी मांडलेली. त्यात कुठेही टचिंग नाही, कात्री नाही, ब्रश नाही, तरी तो 'क्षण' कधी घडलाच नाही.

आणि क्षण पकडायचा म्हणाल तर त्या कॅमेऱ्यांना तो पकडता येतच नव्हता. काचेच्या ओल्या प्लेटवर काही सेकंद उजेड पडू द्यावा लागायचा, तेवढ्यात कोणी हललं की भूत व्हायचं. म्हणून '१८५७ च्या लढाईचा दुर्मिळ फोटो' म्हणून दौडते घोडे आणि उगारलेल्या तलवारी अगदी स्वच्छ दिसल्या की समजा, कुठल्या तरी सिनेमाचं शूटिंग आहे.

बर्लिन आणि लेनिन मी एकत्रच घेतो कारण दोन्ही रशियन मामले आहेत. राइशस्टागवर, म्हणजे बर्लिनमधल्या जर्मन संसदेच्या इमारतीवर, लाल झेंडा पहिल्यांदा लागला ३० एप्रिल १९४५ च्या रात्री, अंधारात, फोटो नाही. जगाला माहीत असलेला फोटो २ मेचा, येवगेनी खाल्देईने काढलेला, झेंडा मॉस्कोहून सोबत आणलेला, तोही टेबलक्लॉथच्या लाल कापडातून शिवून घेतलेला. शिपायांना वर उभं करून काढला. मग लक्षात आलं की खालून आधार देणाऱ्या शिपायाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं आहेत, म्हणजे लूट, तर खाल्देईने एक घड्याळ निगेटिव्हवरून सुईने खरवडून काढलं आणि वर धूरही वाढवला. लेनिनचा फोटो ५ मे १९२० चा, मॉस्कोत बोल्शॉय थिएटरसमोर, लाकडी मंचाच्या पायऱ्यांवर त्याचे साथीदार ट्रॉटस्की आणि कामेनेव्ह उभे आहेत. पुढे ट्रॉटस्की स्टालिनला नकोसा झाला तर छापताना दोघंही गायब, नुसत्या पायऱ्या उरल्या. मेसेजमध्ये नेमका तो रिकाम्या पायऱ्यांचाच फोटो आहे, म्हणजे 'खाडाखोड अशक्य' याचा पुरावा म्हणून जगातल्या सगळ्यात गाजलेल्या खाडाखोडीचा फोटो जोडलाय. वा!

पण याचा अर्थ सगळंच खोटं असाही नाही हं, काही लोक तिकडेही घसरतात. जपानच्या इवो जिमा बेटावरच्या डोंगरावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारतायत तो जो रोझेन्थालचा २३ फेब्रुवारी १९४५ चा फोटो, तो ठरवून काढला असा आरोप त्याच्यावर जन्मभर राहिला. त्या दिवशी लागलेला तो दुसरा झेंडा होता, आधीचा छोटा उतरवून मोठा लावत होते, एवढंच. त्याने कोणाला उभं केलं नव्हतं. खांब उचलला गेला आणि याने बटण दाबलं. मात्र त्यातले शिपाई नेमके कोण यात चूक झाली होती, ती २०१६ आणि २०१९ ला दुरुस्त करावी लागली. म्हणजे फोटो खरा आणि नावं चुकलेली, असंही होतं.

दीक्षाभूमीच्या फोटोला तर मला हसूच आलं, आणि मग वाईटही वाटलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हाचे खरे फोटो आहेत, भरपूर आहेत, कोणीही बघावेत. पण या मेसेजमधल्या '१९५६ च्या' फोटोत गर्दीच्या मागे पांढरा घुमट दिसतोय! अहो तो स्तूप बांधून लोकांसाठी खुला झाला २००१ मध्ये. ५६ ला तिथे व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटची मोकळी जागा होती. कोणीतरी अलीकडच्या दसऱ्याचा मोबाइलचा फोटो घेऊन त्यावर काळा-पांढरा फिल्टर मारलाय, बस. नागपुरात राहणाऱ्या माणसाने तरी हा फॉरवर्ड करू नये ना, आपण तर रोज तिथून गाडी घेऊन जातो.

राहिला भिंतीवरचा फोटो.

बाबांचं टेबल मला आठवतं, तिरपी काच, खालून बल्ब, वर निगेटिव्ह ठेवलेली आणि हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सुरकुती पारदर्शक दिसते, तिच्यात पेन्सिल भरली की छापल्यावर ती उजळते आणि माणूस दहा वर्षांनी तरुण. उलट ब्लेडने खरवडलं की तेवढी जागा फोटोत काळी येते. त्या खाल्देईच्या सुईचं आणि बाबांच्या ब्लेडचं काम एकच, फरक एवढाच की बाबा लग्नाच्या फोटोतून देवीचे व्रण काढायचे. आणि सगळ्यात जास्त काम यायचं ते जोडणीचं. घरातलं कोणी गेलं की लोक दोन वेगळे फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, भाऊ, यांना शेजारी बसवून द्या.

काकाजी, तुमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर जो आजी-आजोबांचा फोटो आहे तो बाबांनी जोडलाय. आजी आजोबांच्या आधी सहा वर्षं गेली, दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. आजोबांचा एका लग्नातला घेतला, आजीचा रेशन कार्डाच्या वेळचा. संध्याकाळी जरा जवळ जाऊन बघा, आजोबांच्या नाकाची सावली डावीकडे पडलीय आणि आजीच्या नाकाची उजवीकडे.