‘पाच मिनिटांत दार बसवा’वाल्या रीलबद्दल

पाऊस लागला, सागाची दारं फुगली आणि ती रील परत फिरायला लागली, मला याच आठवड्यात तीन ग्रुपवर आलीये. म्हणणं असं की इलेक्ट्रिक रंध्याची (लाकूड तासायच्या मशीनची) डेप्थ, म्हणजे पातं किती खोल तासतं ते, फुल करा, हातमोजे घाला, दार भिंतीला टेकवा आणि एकच हात मारा, पात्याची धार गेली तर एकच पातं बदला म्हणजे पैसे वाचतात, आणि बटण सोडलं की मशीन सेफ. खाली लोक थँक्यू लिहितायत म्हणून टाईप करायला बसलो.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानेच बोटं जातात. या मशीनचा ड्रम, म्हणजे पाती बसवलेला रूळ, मिनिटाला 15-16 हजार फेरे मारतो, बटण सोडल्यावर काही सेकंद तो फिरतच असतो आणि पाती खालच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाहीत. मी एकदा बटण सोडून लगेच गोणपाटावर ठेवली, तर मशीनने गोणपाट ओढून ड्रमभोवती गुंडाळलं आणि स्वतःच पुढे सरकली, शेजारीच वायर होती. काही मशीनला मागच्या तळाशी एक छोटा प्लास्टिकचा पाय असतो, उचलली की तो खाली पडतो आणि पाती जमिनीला लागत नाहीत. आमच्याकडे बरेच जण ‘मध्ये मध्ये येतो’ म्हणून तोच काढून फेकतात! पाय असो नसो, आवाज पूर्ण मरेपर्यंत मशीन हातातच धरायची.

हातमोज्यांचं तर उलटंच आहे. फिरत्या ड्रममध्ये कापड अडकलं की ते बोट घेऊनच आत जातं. गॉगल घाला, कानाला काहीतरी लावा आणि नीट मास्क लावा, रुमाल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलीये.

आता फुल डेप्थ. जुन्या दारात गाठी असतात, कुणीतरी कधीतरी मारलेला खिळाही असतो, आणि 2 मिलीमीटर खोल घुसलेलं पातं तिथे आपटलं की मशीन उडी मारते. आधी खिळे बघून काढून घ्या. दार कुठे घासतं तिथे खडूने खूण करा आणि तेवढंच अर्धा-अर्धा मिलीमीटर काढा, मध्ये दार लावून बघा. श्रावणात जास्त तासलंत तर उन्हाळ्यात लाकूड आवळतं आणि फटीतून बाहेरचं सगळं दिसतं. आणि काढलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग लावा, कोरी कड परत पाणी पिते.

भिंतीला टेकवायचं तर अजिबात नाही. दार बिजागरीवरून उतरवा, कड वर करून क्लॅम्पमध्ये घट्ट धरा, दोन्ही हात मशीनवर, सुरुवातीला भार पुढच्या मुठीवर आणि शेवटाला मागच्या. दाराची वरची कड असेल तर एका टोकाकडून सरळ पलीकडे जाऊ नका, तिथे दाराच्या उभ्या पट्टीचं कापलेलं टोक असतं आणि ढलपा निघतो, दोन्हीकडून मध्यापर्यंत या.

एक पातं बदलायचं? ड्रमवर समोरासमोर दोन पाती असतात, वजन सारखं नसेल तर मशीन थरथरते आणि बेअरिंग जातं, मग वाचवलेले पैसे दुरुस्तीवाल्याला द्या. कार्बाइडची पाती दुधारी असली तर दोन्ही एकदमच उलटवा. आधी मशीनची पिन सॉकेटमधून काढा, मग पाना हातात. बसवल्यावर स्टीलची पट्टी मागच्या तळावर ठेवून ड्रम हळूच हाताने फिरवा, धार पट्टीला जेमतेम शिवली पाहिजे, दोन्ही टोकांना सारखी. पातं वर राहिलं तर फळीच्या शेवटी खळगा पडतो, खाली राहिलं तर सुरुवातीला, आणि आपण दोष लाकडाला देतो.

आणि दार नुसतं एका कोपऱ्यात जरासं घासत असेल तर मशीन काढूच नका, साधा रंधा घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड सापडेपर्यंत काम झालेलं असतं.