दाब, धर, सोड

गाडी जड झाल्याचा पहिला आळ माझ्या पोटावर आला. महाद्वार रोडला दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून मी आमची मोटारसायकल मागं ओढत होतो. कपाळावर घाम, दात आवळलेले. बायको पिशव्या घेऊन बाजूला उभी होती. म्हणाली, "अहो, जरा चालत जावा रोज." मी ते मनाला लावून घेतलं आणि आठ दिवस पहाटे रंकाळ्यावर फिरून आलो. पोट होतं तिथंच राहिलं, गाडी मात्र आणखी जड झाली.

खरा प्रकार उघडकीला आणला तो शेजारच्या आण्णांनी. आण्णा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं ड्रायव्हरच्या मागं काढल्यामुळं इंजिनापासून टायरपर्यंत आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत आहे, आणि ती खोडून काढायची गल्लीत कुणाची छाती नाही. एका संध्याकाळी मी पाहुण्यांना उजळाईवाडीला सोडून आलो, तर दारात बसलेल्या आण्णांनी नाक वर केलं. "काय तरी करपालंय," म्हणाले. मी आत जाऊन गॅस बघून आलो. तोवर त्यांनी तांब्यातलं चार थेंब पाणी गाडीच्या पुढच्या डिस्कवर शिंपडलं. चर्र झालं, वाफ आली.

"डोसा घाल की ह्याच्यावर," आण्णा म्हणाले.

गाडी डबल स्टँडला लावली, मागं भार देऊन पुढचं चाक उचललं आणि फिरवलं. चाक पाव फेरा गेलं आणि थांबलं. म्हणजे मी ब्रेक सोडत होतो, पण ब्रेक चाकाला सोडत नव्हता. गेले कित्येक महिने मी ब्रेक लावूनच कोल्हापूर फिरत होतो आणि पेट्रोल महाग झालं म्हणून सरकारला शिव्या घालत होतो.

मिस्त्रीनं खाली वाकून न बघताच सांगितलं, "कॅलिपर जाम हाय. नवा टाकला तर हजारात जातंय. किट टाकून बघायचं तर शेकड्यात. ठेवून जावा, गुरुवारी बघतो." कुठला गुरुवार ते विचारलं नाही. पण जाता जाता तो एक वाक्य बोलून गेला आणि तिथं माझा घात झाला. "तसं काय न्हाई, अर्ध्या तासाचं काम हाय." (कॅलिपर म्हणजे डिस्कला आवळणारा ब्रेकचा चिमटा. त्याच्या आतला पिस्टन पुढं सरकला की ब्रेक लागतो. किट म्हणजे त्यातली रबरी कडी.)

अर्ध्या तासाचं काम! मग गुरुवारची वाट कशाला बघायची? शिवाय आमचे आजोबा उद्यमनगरात लेथवर होते. ऑइल इंजिनाचे सुटे भाग, गुऱ्हाळाच्या चरकाचे भाग त्यांच्या हाताखालून जायचे. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. तेच रक्त माझ्यात आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. मी पतसंस्थेत रोजकीर्द लिहितो आणि तिथं पाच रुपयांचा फरक मला तीन दिवस सापडत नाही, हे त्या क्षणी आठवलं नाही.

कॅलिपर जाम का झाला, याची चौकशी केली असती तर आरोपी मीच निघालो असतो. आम्ही शुक्रवार पेठेतले. पावसाळ्यात आमच्याकडं माणूस माणसाला 'कसा आहेस' विचारत नाही, 'किती फूट' विचारतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. 2021 च्या जुलैत पंचगंगा त्याच्याही बरीच वर गेली आणि आमची गाडी दोन दिवस गढूळ पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर मी इंजिन ऑइल बदललं, कार्बोरेटर खोलून घेतला, सीट उन्हात वाळवलं, नंबर प्लेटसुद्धा घासली. ब्रेकला हात लावला नाही, कारण ब्रेक लागत होता. ब्रेक लागतो का एवढंच माणूस बघतो. तो सुटतो का, हे बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

मला तर तो सुटतो कसा हेसुद्धा माहीत नव्हतं. वाटायचं, आत एखादी स्प्रिंग असेल, ती पिस्टनला मागं ओढत असेल. आत तसली स्प्रिंग नसतेच. पिस्टनभोवती एक रबरी कडं असतं, बांगडीसारखं गोल पण कडेनं चौकोनी. लिव्हर दाबला की तेलाच्या दाबानं पिस्टन पुढं सरकतो. तेव्हा हे कडं त्याच्या अंगाला चिकटून जरासं पिळतं. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला मागं घेऊन येतं. किती मागं? एका मिलिमीटरपेक्षाही कमी. जोतिबाच्या यात्रेत पुढं पळालेल्या पोराला आईनं सदऱ्याला धरून तसूभर मागं ओढावं, तसलं काम. एवढ्यावर दीडशे सीसीची गाडी मोकळी पळते. आता ते कडं ज्या खाचेत बसतं, त्या खाचेत खार साचला की रबराला पिळायला जागाच राहत नाही. उलट ते पिस्टनला आवळून बसतं. मग आई पोराला ओढायचं सोडून त्याच्याबरोबरच गर्दीत जाते.

हे सगळं मी शनिवारी रात्री वाचलं आणि रविवारी सकाळी अंगणात पेपर अंथरून बसलो. कोल्हापुरात कुठलंही काम एकट्यानं करता येत नाही. मी पहिल्या बोल्टला पाना लावेपर्यंत आण्णा खुर्ची घेऊन आले, फुटबॉलची मॅच नव्हती म्हणून दोन पोरं कट्ट्यावर येऊन बसली, आणि आतून आईनं विचारलं, "का रं, गाडी इकलीस व्हय?"

मी शिस्तीचा माणूस. म्हटलं, आधी तेल काढावं, मग पाइप सोडवावा, मग कॅलिपर काढावा, मग सावकाश पिस्टन. एक-दोन-तीन-चार असं कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. तीन नंबरपर्यंत सगळं सुरेख झालं. चार नंबरला कळलं की पिस्टन बाहेर काढायला तेलाचाच दाब लागतो. पाइप जोडलेला असतानाच कॅलिपर डिस्कवरून काढायचा, लिव्हर पाच-दहा वेळा मारायचा, पिस्टन आपोआप बाहेर येतो. माझं तेल एव्हाना बाटलीत होतं, रंगानं कोऱ्या चहासारखं. आणि पिस्टन आत होता, रंगानं कळत नव्हता.

मग सूचना सुरू झाल्या. एक पोरगं म्हणालं पकडीनं ओढा. दुसरं म्हणालं गॅसवर तापवा. आण्णांनी घरात जाऊन एरंडेलाची बाटली आणली. "चार थेंब सोड, सुळकन येतंय." मी हसलो. मागाहून कळलं की ब्रेकच्या तेलात सुरुवातीच्या काळात खरोखरच एरंडेल आणि स्पिरिट असायचं. म्हणजे आण्णा चुकले नव्हते, त्यांना जरा उशीर झाला होता. आताच्या सीलला, म्हणजे त्या रबरी कड्याला, मात्र फक्त ब्रेक ऑइल लावायचं. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस लागलं की ते रबर फुगतं आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो.

शेवटी कॅलिपर फडक्यात गुंडाळून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं नेला. वरात माझ्या मागं. पंक्चरवाल्यानं कॅलिपर हातात फिरवून बघितला, पिस्टनच्या तोंडाशी लाकडाचा ठोकळा ठेवला, वर फडकं दाबलं आणि मला एकच गोष्ट तीनदा सांगितली, "काका, बोटं काढा." मी बोटं काढली. त्यानं पाइपच्या भोकाला हवेचं तोंड लावलं आणि हळूहळू हवा सोडली. काही नाही. आणखी थोडी. काही नाही. आण्णा नीट दिसावं म्हणून पुढं वाकले आणि ठो! ठोकळ्यावर पिस्टन आदळला. फडक्यातून उरलंसुरलं काळं तेल फवाऱ्यासारखं उडालं आणि आण्णांच्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत नक्षी उमटली. समोरच्या माडीवरची आजी खिडकी उघडून म्हणाली, "टायर फुटला काय?" माझी बोटं त्या जागी असती तर त्यांचं काय झालं असतं, ते ठोकळ्यावरचा खळगा बघून मला कळलं आणि पंक्चरवाल्याला मी न मागता दुप्पट पैसे दिले.

पिस्टन गुळगुळीत होता, टोकाकडं थोडे गंजाचे ठिपके. सील जिथं बसतं तिथं क्रोम शाबूत होतं. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं गोल फिरवला, काम झालं. खरा ऐवज खाचांत होता. जुनी दोन्ही कडी काढली, आतलं दाबाचं आणि बाहेरचं धूळ अडवणारं, आणि खाली पांढरा, टणक खार दिसला. हौदाच्या कडेला चुना साचतो तसा. पुराचं पाणी, त्यात ॲल्युमिनियमचा कॅलिपर, वर माझी अक्कल. लोखंडी टोच्यानं खरवडलं तर खाचेला ओरखडा पडतो, म्हणून बांबूची काडी तासून घेतली आणि एक टूथब्रश. तो कुणाचा होता, हे दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या आवाजावरून पेठेला कळलं. त्या दोन खाचांना दीड तास लागला. दुपारच्या उन्हात, एका वर्तुळाच्या कडेनं, काडी फिरवत. त्या दीड तासात मला आजोबा जरासे समजले असं वाटलं, तेवढ्यात बायकोनं जेवायला हाक मारली आणि ती काडी बोटात घुसली.

किट आणायला तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा दुकानदारानं पिस्टन किती एमएमचा ते विचारलं, मी "मध्यम" म्हणालो. दुसऱ्यांदा पिस्टनच घेऊन गेलो. तिसऱ्यांदा पाइपच्या बोल्टचे तांब्याचे वायसर विसरलो म्हणून. नवी कडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली, पिस्टन अंगठ्यानं दाबला आणि तो सरळ, एका दमात आत गेला. त्या वेळी मी जो आवाज काढला तो इथं लिहिता येत नाही.

उरलं ब्लीडिंग. नवं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल भरायचं आणि पाइपातली हवा बाहेर काढायची. हे तेल हवेतलं पाणी पितं, पावसाळ्यातल्या मिठासारखं. नवं असताना ते कमीत कमी 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण साडेतीन-चार टक्के पाणी प्यायलं की 155 लाच उकळू शकतं. मग घाटात पाइपात बुडबुडे आणि लिव्हर मुठीपर्यंत. मी गाडी घेतल्यापासून ते बदललंच नव्हतं.

या कामाला दोन माणसं लागतात. एक लिव्हरवर, एक खाली निपलवर, म्हणजे कॅलिपरच्या हवा काढायच्या बोल्टवर. आण्णा पायजमा बदलायला गेले ते आले नव्हते. बायकोला बोलावलं.

"मी दाब म्हटलं की लिव्हर दाबायचा. धर म्हटलं की तसाच धरून ठेवायचा. मी निपल बंद करून सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मधे सोडलास तर हवा परत आत."

"दाब."

"दाबलंय."

"धर."

"धरलंय की."

निपल पाव फेरा सैल केला. पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत आले. निपल बंद. "सोड."

असं पंधरा-वीस वेळा झालं. बुडबुडे कमी होत गेले आणि मी खाली बसून खूश होत होतो. तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, माझ्या स्कुटीला काय झालंय?"

सकाळी तेल काढताना एक थेंब तिच्या मडगार्डवर उडाला होता. मी तो बोटानं पुसला होता. ब्रेक ऑइल पुसायचं नसतं, भरपूर पाण्यानं धुवायचं असतं. एव्हाना तिथला रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. ती बघायला वाकली. वाकताना लिव्हर सुटला. निपल उघडं होतं. नळीतला बुडबुडा माझ्या डोळ्यांदेखत वर चढला आणि आत गेला.

पुढचा तासभर आम्ही दोघं तीनच शब्द बोललो. दाब. धरलंय. सोड. तरी लिव्हर कटात बुडवलेल्या मिसळीच्या ब्रेडसारखा मऊच. संध्याकाळी आण्णा नव्या पायजम्यात आले, लांब उभे राहिले आणि म्हणाले, "सुतळीनं दाबून बांध आणि झोप." हे कुठून काढलं त्यांनी, देव जाणे. सकाळी सुतळी सोडली तर लिव्हर टणक. लगेच चाक उचलून फिरवलं. गेलं, गेलं, जातच राहिलं. आई चहा घेऊन आली तरी फिरत होतं.

गल्लीत सावकाश दहा वेळा ब्रेक मारून बघितले, नंतर रंकाळ्याला एक फेरी, मग पुढच्या रविवारी बायकोला मागं बसवून जोतिबा. चढताना गाडी अशी हलकी की मलाच पोट नसल्यासारखं वाटलं. दर्शन झालं, गुलाल लागला. उतरताना मात्र माझी दोन बोटं लिव्हरवर. काम आपल्या हातचं होतं ना. प्रत्येक वळणावर लागतोय का बघत होतो, आणि दोन वळणांच्या मधेही. पायथ्याला आल्या आल्या गाडी बाजूला घेतली आणि बायकोच्या बाटलीतलं पाणी डिस्कवर शिंपडलं.

चर्र.

मी रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. किट, खाच, टूथब्रश, आण्णांचा पायजमा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. बायकोनं गाडी डबल स्टँडला घेतली, मागच्या सीटवर भार टाकला आणि पायानं पुढचं चाक ढकललं. ते मस्त फिरत राहिलं.

"जाम कुठं झालाय?" ती म्हणाली. "अख्खा डोंगर तुम्हीच धरून उतरलाय. सोडा की जरा."

माझी बोटं अजून वाकडीच होती.