मदत करायची नाही
वयाच्या ४२व्या वर्षी मी शनिवार-रविवारच्या वर्गात ‘मानव-संगणक आंतरक्रिया’ हा विषय शिकायला घेतला. नाव ऐकून आईला वाटलं, कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स असावा. तिने ते शेजारी सांगितलं, आणि संध्याकाळी काकू बंद पडलेला प्रिंटर घेऊन दारात हजर.

खरं तर यंत्रं आणि वस्तू माणसाला सहज वापरता येतील अशा कशा घडवायच्या, याचा हा विषय. त्याने आधी माझं दार उघडणं बिघडवलं. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९८८ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की ढकलायच्या दाराला ओढायची मूठ बसवली, तर चूक माणसाची नव्हे, दाराची. आयुष्यभर दारांवर आपटत आलेल्या माझ्यासारख्याला याहून मोठा दिलासा नाही. गॅसच्या शेगडीचंही त्यांनी लिहिलंय: कोणती कळ कोणत्या बर्नरची, ते बघताक्षणी कळायला हवं. लगेच मी आमच्या हॉलमधल्या आठ बटणांच्या बोर्डाकडे वळलो. पाहुणा पंखा लावायला जातो आणि आधी ट्यूब लागते, मग गॅलरीतला दिवा, मग फोनचं चार्जिंग बंद पडतं. यावर मी घरच्यांना वीस मिनिटं व्याख्यान दिलं.

“पंख्याच्या बटणाला मी टिकली लावलीय की,” आई म्हणाली. “तू शाळेत होतास तेव्हापासून.”

मला वाटायचं, आरशावर लावतात तशी तिथेही चिकटवून ठेवली असेल.

पुढे प्रकल्प आला. सोसायटीचा मेंटेनन्स भरण्याच्या ॲपचा नमुना मी तयार केला. पाच जणांवर चाचणी घेतली की बहुतेक अडचणी सापडतात, असं या विषयातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलंय. चौघं मिळाले. पाचवी आई.

चाचणीचे नियम दोन. वापरणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. आणि घेणाऱ्याने अजिबात मदत करायची नाही.

“बोलते की,” आई म्हणाली. “कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचाय. हे घर काढलंय ते आपलं का?”

ते घराचं चित्र म्हणजे सुरुवातीच्या पानावर परत जायची खूण. आई ते आपला फ्लॅट समजून दाबायची आणि पहिल्या पानावर येऊन पडायची. असं सहा वेळा. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

“तुला माहितीये ना कुठे दाबायचं?”

“हो.”

“मग सांगत का नाहीस?”

“नियम आहे. नील्सनचा.”

“त्याला आई नाही का?”

“उजवीकडे खाली बघ!” पेपराआडून बाबा ओरडले आणि माझी सगळी चाचणी बाटली.

उजवीकडे खाली ‘पुढे’ हे बटण होतं. मुगाच्या डाळीएवढं, फिकट राखाडी. मला ते फार सुंदर वाटलं होतं. लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ सालीच सांगितलंय. परीक्षेत मी ते सूत्रासकट लिहूनही आलो होतो. आईचा कणकेचा अंगठा बटणाच्या आजूबाजूला सगळीकडे पडला, फक्त बटणावर पडला नाही.

शेवटी ती उठली, आरशावरची लाल टिकली काढून आणली आणि फोनच्या काचेवर नेमकी ‘पुढे’च्या जागी चिकटवली. दाबली. पान बदललं. आई विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत पुन्हा टिकलीवर टेकली.

भरलेली सगळी माहिती पुसली गेली. दुसऱ्या पानावर त्या जागी मी ‘रद्द करा’ ठेवलं होतं.

“माझी टिकली जागच्या जागी आहे,” आई म्हणाली. “बटण तुझं हललं.”

मी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. मग तिने नाक वर करून वास घेतला.

“अरे, शिट्ट्या किती झाल्या?”

सात. मी मोजत होतो. पण मदत करायची नव्हती.